बोलकी साखळी

मामाच्या ट्रकवरची मधली साखळी फार खडखडत होती, म्हणून मी तिच्या कड्यांत गोणपाट कोंबून तिचं तोंड बंद केलं. मदत म्हणून! मामा चहा पीत होता. त्याला सांगायचंही मला सुचलं नाही.

मामा डोंगरावरून ओंडके उतरवतो. गाडीत गाणी नाहीत, खिडकीची काच कायम खाली, आणि मी तोंड उघडलं की एकच वाक्य, "गप रे, मागचं ऐकू दे." ओंडके धक्क्यांनी दबत जातात, साखळी सैल पडते आणि वेगळं वाजायला लागते. वाजली की हा थांबून आवळणार. मामी म्हणते, "ह्यांना मागच्या साखळीचं ऐकू येतं, शेजारी बसलेल्या बायकोचं नाही."

उतार लागला. दुसऱ्या वळणावर मामाच्या कपाळाला आठी पडली.

"ही आज गप्प का?"

"मीच गप्प केली," मी ऐटीत म्हणालो. "गोणपाट कोंबलं."

मामाने शिवी दिली नाही. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

भार दरीकडे कलू लागला होता. खाली, वळणाच्या पोटात, घरांची छपरं दिसत होती.

"अरे, ब्रेक मार ना!"

"मारतो की. मग सगळे ओंडके पुढे येऊन तुझ्या मांडीवर बसतील. चालेल?"

त्याने गिअर एकेक करत खाली आणला, ब्रेकला नुसतं गोंजारलं, आणि डोंगराकडची चाकं अलगद चरात उतरवली. गाडी त्या अंगाला झुकली, तसा भारही कुरकुरत तिकडे वळला. मातीच्या कडेला अंग घासत आम्ही थांबलो. एक काटकीसुद्धा खाली गेली नाही. असं गाडीला समजावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अर्थात हे त्याच्या तोंडावर बोलायची सोय नाही, महिनाभर तेच ऐकवेल.

साखळीचं एक कडं उघडून वाकलं होतं. मागून आलेल्या मिशीवाल्या ड्रायव्हरने काही न विचारता आपली जादा साखळी काढून दिली. मी पुढे झालो.

"तू लांब उभा राहा," मामा म्हणाला. "डोंगराकडे नको, दरीकडेही नको."

"मग कुठे?"

"घरी."

ओंडके वखारीत नीट पोचले. मिशीवाल्याची साखळी मात्र अजून आमच्या दाराआड पडून आहे. मामा हात लावत नाही. "तूच नेऊन दे. आणि कशाला लागली, तेही तूच सांग."

जाणार आहे मी. ह्या आठवड्यात जरा गडबड आहे.