तनयाचा बुटका स्तंभ

आमच्या खालच्या मजल्यावरचा चंद्रशेखर स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आकडे तपासतो. बिघडलेला आकडा आपल्याला लांबूनच ओळखू येतो, असं तो स्वतःच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

त्याची तनया चौथीत आहे. शाळा उतारावरून दहा-बारा मिनिटांवर. वर्गातली पोरं पाठीला दप्तर लावून आपापली चालत जातात. चंद्रशेखर मात्र मुलीला गाडीने थेट फाटकाशी सोडतो. "रस्त्यावर गाड्या किती वाढल्यात!" असं म्हणत रोज त्यात एक गाडी तोच घालतो. मैत्रिणींबरोबर चालत जाऊ दे म्हणून तनया वर्षभर मागे लागली होती, पण हा ढिम्म.

मग शाळेत हिस्टोग्राम आला. वर्गातलं प्रत्येक जण शाळेला येताना किती मिनिटं चालतं ते विचारायचं, मिनिटांचे सारखे गट पाडायचे, आणि ज्या गटात जितकी मुलं तितका उंच स्तंभ काढायचा. तनयाने पाच-पाच मिनिटांचे गट पाडले. दहाच्या पुढे उंच स्तंभ एकमेकांना चिकटून उभे राहिले. पार डावीकडे, शून्य ते पाचमध्ये, एकच बुटका स्तंभ. मधली जागा रिकामी.

मी तेव्हा त्यांच्याकडे चहाला बसले होते. चंद्रशेखरला ते चित्र बघवेना.

"आल्झो, तर मग गट मोठा कर. शून्य ते तीस."

तनयाने मुकाट्याने केला. अख्खा वर्ग एका ठोकळ्यात गेला.

"आता ह्यातून काय कळतंय रे?" त्याच्या बायकोने, विभावरीने विचारलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर, काहीच नाही," तो समाधानाने म्हणाला.

तनयाने खोडरबर घेतला आणि पुन्हा पाच-पाचचे गट आखले. बुटका स्तंभ परत हजर.

"मग तो एक काढूनच टाक. आउटलायर आहे, बाकीच्यांपासून फटकून पडलेला. ऑफिसमध्ये आम्ही सरळ काढतो."

तनया एरवी बापाला जर्मनमध्येच उत्तर देते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "पण बाबा, ती मी आहे."

कपातला चहा संपलेला असूनही आकडेतज्ज्ञ पीत राहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण हे त्याला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी तो पुटपुटला, "जा उद्यापासून चालत."

दुसऱ्या दिवशी तनया मैत्रिणींबरोबर निघाली. मागून बैलगाडीच्या चालीने चंद्रशेखरची रिकामी गाडी, आणि तिच्यामागे अडकलेली मी, सायकलवर. घंटी वाजवून माझा अंगठा दुखला तरी हा बाजूला होईना. मला आधी हसू आलं, मग त्याचं खरंच वाईट वाटलं. फाटकाशी त्याने काच खाली केली आणि हात हलवला. तनया काहीतरी सांगत, खिदळत आत गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.