सिद्धेश्वरच्या घरातल्या बांगड्या

मी कमठाण्यात दारोदार जाऊन बांगड्या भरते. बाईचा हात हातात घेतला की तिच्या घरातलं निम्मं मला कळतं, निम्मं ती आपन होऊन सांगती. सिद्धेश्वरच्या घरचं मात्र कुनी सांगायची गरजच पडली न्हाई. मी टोपली घेऊन पुढच्या दारात आले की लहानगा सिद्धेश्वर मागच्या दारानं पसार. बाया हसायच्या, "अक्का, तुमाला बघून पळायलाय की हो!"

मला बघून न्हाई, बांगड्या ऐकून. काचेवर काच वाजली की त्याच्या दातात कळ जायची. स्टीलच्या ताटात चमचा घासला की भरल्या ताटावरनं उठायचा. नवा शर्ट अंगाला टोचायचा, म्हून बापाचे धुऊन धुऊन विरलेले सदरे घालायचा. आई सिद्धव्वा, तिला तो अव्वा म्हनायचा, लई तिखट बाई. म्हनायची, "नाटकं करायलाय! दोन रट्टे दिले की सगळं गोड वाजतंय." आन द्यायची बी. बाप रेवणसिद्धप्पा गरीब गाय, बायकोपुढं कधी तोंड उघडलं न्हाई. पोराचं ऐकून घेनारं त्या घरात कुनीच नव्हतं.

पुढं त्याचं लगीन झालं. दानेश्वरी गुलबर्ग्याकडची, तुरीच्या व्यापाऱ्याची लेक. हसरी, आन नटायची लई हौस. कोपरापत्तोर बांगड्या! ती भाकरी थापायला बसली की हातात खळखळ, आन सिद्धेश्वर कान दाबून गोठ्यात. पोरीला वाटलं, आपल्याच हाताला चव न्हाई. माझ्यापाशी रडली बिचारी.

मी त्याला गाठलं आन चांगला झाडला. "कामून छळतोस रं तिला?"

तो खाली बघून म्हनला, "अक्का, ती लई चांगली हाय. पन त्या बांगड्या मला कानात न्हाई, हाडात वाजतात. मी घरात असंन तवा थोड्या कमी घाल म्हनलो. तर अव्वा म्हनली, तू जित्ता असताना तिचे हात मोकळे करायलास का?"

आमच्यात तर बांगडी फुटली बी म्हनत न्हाईत, वाढली म्हनतात. नवरा हाय आन हात मोकळे, म्हंजे गावाला आयतंच चघळायला.

दानेश्वरीनं तरी करून बघितलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांगड्यांना गुंडाळल्या. नागपंचमीला बाया जमल्या, त्या चिंध्या बघून खो खो हसल्या. पोर घरी आली आन सगळ्या चिंध्या चुलीत घातल्या. मग मी प्लास्टिकच्या दिल्या, तर त्यांची कचकच त्याला काचेहून वाईट.

तिला दिवस गेले. सातव्या म्हैन्यात कुबस, म्हंजे डोहाळजेवन केलं, हिरवा चुडा भरायला मला बोलावलं. बाया गानी म्हनायलेल्या, तेवढ्यात सिद्धेश्वर दारात येऊन हुबा राहिला. तोंड पांढरंफटक. "अक्का, दोन्ही हात भरून भर," म्हनला. "माझ्यापायी तिला कुनी हसू नये." त्याच दिवशी एक मऊ गोधडी काखेत मारून तो शेतातल्या आखाड्यावर, खोपटात राहायला गेला. पत्र्यावर पाऊस वाजतो म्हून त्यानं पत्रे काढले, उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं.

गावाला काय, चहाबरोबर बोलायला झालं. बांगड्यांना भिऊन पळालेला नवरा! डबा बाप नेऊन द्यायचा. पोरगा झाला तवा सिद्धेश्वर बघायला आला, पन तिनं बाळ पुढं केलं तशा बांगड्या वाजल्या आन हा दोन पावलं मागं. लोकांना ते मागं सरनं तेवढं दिसलं. मी वाट वाकडी करून आखाड्यावर जायची. दर टायमाला एकच इचारायचा, "पोरगं काय करायलंय?" एकदा म्हनला, "अक्का, घरची लई याद येती."

पोरगं रांगायला लागलं आन एक दिवस दानेश्वरीचा सांगावा आला, टोपली नको, नुसत्या या. जाऊन बघते तर ती घ्यायला वाकली, बांगड्या वाजल्या की लेकरू किंचाळायचं, कानावर मुठी आपटायचं. अंगावर बी पीत नव्हतं. "अक्का, सगळ्या उतरवा," दानेश्वरी म्हनली. मी साबन लावून एकेक उतरवली. मग सिद्धव्वानं आपले हात पुढं केले. "माझ्या बी काढ. लेकराला सोसंना."

अगं बाई! तिच्या बी उतरवल्या मी, जरा हिसका देऊनच. गावात बी कुनी शब्द काढला न्हाई. उलट म्हनले, लेकरासाठी आई काय न्हाई करत! स्टीलची ताटं फळीवर गेली, पत्रावळ्या आल्या. मी म्हनलं, "आता तरी सिद्धेश्वरला बोलवा की!" तवा कुठं रेवणसिद्धप्पा उठला आन लेकाला आनायला गेला.

सिद्धेश्वर आला. घर गप. दानेश्वरीनं भाकरी थापली आन तो चुलीपाशी बसून गरम गरम जेवला. लगीन झाल्यापासून पहिल्यांदाच. मग त्याचं ध्यान तिच्या हाताकडं गेलं.

"पोराला सोसंना, म्हून काढल्या," ती म्हनली. "आता तुमी बी घरीच राहा."

त्यानं आईकडं बघितलं. राग नव्हता तोंडावर, तेच मला बघवंना.

"अव्वा," तो म्हनला, "मी बी लेकरूच होतो की."

त्यानं हात धुतला, निजलेल्या पोराच्या पायावरनं बोट फिरवलं आन आखाड्याकडं निघून गेला. अजून बी तिथंच राहतो.