चुलाणावरची बाटली

बायडाबाई वांगं घेताना देठ मोडून बघायची, आणि सख्खी बहीण साखर मागायला आली तरी आधी इचारायची, "तुला कुनी धाडलं?"

नवरा गेल्यापासनं कसबा बावड्याकडं दादांच्या गुऱ्हाळावर गड्यांचं जेवण रांधून ती पोट भरत होती. पंचाऐंशी सालच्या थंडीत गडी एकामागनं एक जुलाबानं आडवे झाले. दादा म्हणाले, "बाईच्या हातचं बाधतंय. दुसरी बघाय पायजे."

"माझी आमटी मीबी खाते की," बायडाबाई म्हणाली. "हिरीचं पानी बघा. वरच्या अंगाला ऊसतोडकऱ्यांच्या खोपी हायत, सगळी तितंच परसाकडं बसत्यात."

"मग तुला कसं काय हुत न्हाय?"

"मी पानी घरनं आनते."

दादांनी डोळे बारीक केले. "म्हंजे तुला ठावं हुतं?"

"ठावं न्हवतं. मी कुनाच्याच हिरीचं पीत न्हाय."

आता तर गडीही तिच्याकडं तिरपं बघायला लागले.

आरोग्य खात्याचा त्र्यंबक सायकलवरनं आला. पिशवीतनं दोन लहान बाटल्या काढल्या, आत औषध लावलेला कागद. पूर्वी पाणी तपासायला लांब धाडायचं, उत्तर येईस्तोवर निम्मी वस्ती अंथरुणात. ह्यात उद्याच कळतं, तो म्हणाला. विहिरीचं पाणी भरायचं, बाटली विरजणागत उबेला ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात घाणीतले जंतू आहेत.

भरलेली बाटली दादांनी त्याच्या हातातनं काढून घेतली. "गुऱ्हाळावर उबंला काय तोटा? मी ठिवतो."

सकाळी पाणी औषधानं तपकिरी झालेलं होतं तसंच. काळं काही नाही.

"बाई, गठुडं बांध," दादा म्हणाले.

"कुटं ठिवली हुती?"

"रस उकळतोय त्या चुलाणाच्या कडंला."

बायडाबाईनं तिथं हात टेकला आणि झटक्यात काढला. "डाक्टर, तुमीबी टेका. हितं विरजण लागंल?"

त्र्यंबकाला चटका बसला. "जंतू शिजून मेलं असणार. जागा मीच बघाय पायजे हुती. चूक झाली."

"चूकच झाली का, कुनाला ठावं," ती दादांकडं बघत म्हणाली. "हीर नासकी निघाली तर ह्यांच्या गुळाला कोन इचारनार?"

दुसरी बाटली भरली. त्र्यंबकानं झाकणावर चिकटपट्टी लावून सही केली, पण बाई बाटली त्याच्याकडंही ठेवू देईना. "तुमी कुनाचा च्या पिऊन आलायसा, मला काय म्हाईत?" तिनं ती कापडात गुंडाळून पोटाशी बांधली आणि भाकऱ्या थापायला बसली.

गूळ रांधणारा गुळव्या गुरुसिद्ध हसला. "कोंबडीगत उबवाय लागलीयास की."

"पिल्लू काळं निघंल, बघ तू."

दुसऱ्या दिवशी सही शाबूत होती आणि पाणी काजळागत काळं. दादांनी बाटली उजेडाकडं धरली, उलटीसुलटी करून बघितली आणि त्र्यंबकाच्या हातात दिली. त्यानं विहिरीत जंतू मारायची पावडर टाकली, आणि पिण्याचं पाणी उकळूनच घ्यायचं ठरलं.

दुपारी गडी जेवायला बसले. दादाही येऊन टेकले. भाकऱ्यांची दुरडी बायडाबाईनं पुढ्यात धरली होती, पण वाढायला उठेना.

"वाढ की," दादा म्हणाले. "मी काय मुद्दाम न्हवतं केलं."

"आसंल. पर बाधतंय म्हनून सगळ्यांम्होरं बोलला हुतासा."

गडी ताटाकडं बघत राहिले. शेवटी दादा म्हणाले, "बाईच्या हातचं बाधलं न्हवतं. हिरीचं पानी बाधलं."

"त्या कडंच्यांस्नी ऐकू गेलं न्हाय," बायडाबाई म्हणाली.

दादांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग ती उठली आणि वाढायला लागली.