बावन्नावी चिठ्ठी

त्या दिवसांत कोणी मला विचारलं असतं की तुझा देवावर विश्वास आहे का, तर मला उत्तर देता आलं नसतं. देवळात मी रोज जायची, पण झाडायला. देवासमोर हात जोडायची, पण ते सवयीने. आत काहीच हलायचं नाही. हा अनुभव लिहायला बसले खरी, पण मी काही मोठी भक्त नाही. सातवीत शाळा सुटली, यवतमाळकडून लग्न होऊन मुंबईत आले आणि मुलुंडच्या डोंगराकडच्या वस्तीत राहिले, एवढंच माझं चरित्र. चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आमच्या वस्तीच्या खाली रस्त्याला लागून दत्ताचं लहान देऊळ आहे. तिथली झाडलोट माझ्याकडे आहे. आणखी एक काम माझ्याकडे आहे, ते सांगितलं की आमच्या गावची माणसं हसतात. दर गुरुवारी आरती झाली की प्रसादासोबत प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. परातीत कागदाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. डोळे मिटून एक उचलायची. आत एक सुविचार लिहिलेला असतो, तो दत्ताने आपल्यालाच पाठवला असं समजून आठवडाभर जवळ ठेवायचा. अशा एक्कावन्न चिठ्ठ्या दर बुधवारी मी लिहिते. पुजारीकाकांनी कुठून कुठून उतरवून ठेवलेली एक जाड वही आहे, त्यातले सुविचार मी बघून काढते. शिक्षण नसलं तरी माझं अक्षर चांगलं आहे म्हणून हे काम मला मिळालं.

त्या वहीनेच मला मोठे मोठे शब्द शिकवले. संयम, आत्मबल, समर्पण. सकारात्मकता हा शब्द पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो चिठ्ठीत मावेना, शेवटचं अक्षर खाली उतरवावं लागलं. काही शब्दांचे अर्थ मी काकांना विचारायची. समर्पण म्हणजे काय विचारलं तर ते म्हणाले, सगळं त्याच्यावर सोडून देणं. मला वाटलं, फूल नारळ वाहतो तसंच काहीतरी असणार. शब्द लिहिता येणं आणि तो कळणं यात केवढं अंतर असतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमचे हे बिल्डिंगांना रंग द्यायचं काम करायचे. दोराच्या झुल्यावर बसून पंधराव्या मजल्यापर्यंत जायचे. इतकी वर्षं मी रोज त्या उंचीला घाबरत होते, आणि झालं काय, तर घरात, चहा पिताना, हातातला कप गळून पडला. मी म्हटलं, अहो, असं काय करता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तर अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. लकवा. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं, आणि गिळणंही गेलं. पाणी पाजलं तरी ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. दवाखान्यात नाकातून नळी घातली. अठरा दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ते बरंच काही बोलले, कागद दिले, पण मी त्यातलं एकच ऐकलं, की आता घरी सेवा करा. आमच्याकडे हे वाक्य कधी बोलतात ते मला माहीत आहे. माझ्या बापालाही असंच घरी आणलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला. इंग्रजीतले ते कागद मी पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवून दिले. वाचता येत नव्हते, आणि वाचण्यासारखं काही उरलंय असंही वाटत नव्हतं.

पुढचे दोन महिने कसे गेले हे मी नीट सांगू शकत नाही. दर तीन तासांनी नळीतून पातळ खाणं द्यायचं, कूस बदलायची, पुसायचं, कपडे धुवायचे. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी बोलले तरी वळायचे नाहीत. आम्हाला मूलबाळ नाही, माहेर एका दिवसाच्या वाटेवर, शेजारचे बिचारे आधी यायचे, मग त्यांनाही आपापले संसार. बाहेर कोणी दार वाजवलं तरी मी दचकायची. देवळातून परत येताना चढावर मी मुद्दाम हळू चालायची, कारण घर जवळ आलं की मनात एक विचार यायचा आणि मला त्याची भीती वाटायची. तो विचार असा, की दार उघडीन तेव्हा सगळं संपलेलं असलं तर बरं. दार उघडायची, तर त्यांची छाती हलत असायची, आणि मला बरं वाटायच्या आधी थकायला व्हायचं. ज्या माणसाने बावीस वर्षांत मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, त्याच्या श्वासाचा मला कंटाळा आला होता. हे मी आज लिहितेय. तेव्हा स्वतःलासुद्धा सांगत नव्हते.

शेवटी मी गावी दिराला फोन केला. म्हटलं, भाऊजी, यांना गावाकडे घेऊन जा, आपल्या मातीत तरी जातील. ते रडले, पण नाही म्हणाले नाहीत. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाले. फोन ठेवला आणि मला कळलं की मी नवऱ्याचा दिवस ठरवून टाकला. आमच्या गावात साधा डॉक्टर नाही. तिथे ती नळी तुंबली असती तर बदलणारंही कोणी नव्हतं.

तो बुधवार होता. चिठ्ठ्या लिहायला बसले. त्या दिवशीच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, आनंद बाहेर शोधू नका, तो तुमच्याच हातात आहे. मी माझ्या हातांकडे पाहिलं. साबणाने सालं निघाली होती. काय झालं मला सांगता येत नाही, पण मी एक कोरी पट्टी ओढली आणि त्यावर लिहिलं, "दत्ता, यांना तरी ने नाहीतर मला ने. आता माझ्याने होत नाही." सुंदर अक्षरात लिहिलं, तेच मला अजून आठवतं. ही पट्टी चुलीत टाकायची असं ठरवून बाजूला ठेवली. तेवढ्यात ह्यांना जोरात खोकला आला, मी धावले. उलटी झाली होती. सगळं आवरून परत आले तोवर संध्याकाळ झालेली. उरलेल्या चिठ्ठ्या भराभर लिहिल्या, सगळ्या गुंडाळल्या आणि डब्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी परातीत चिठ्ठ्या मांडताना मी सवयीने मोजल्या. बावन्न भरल्या. पुन्हा मोजल्या. बावन्न. एक एक उघडून बघावी तर आरती संपत आलेली, लोक रांगेला लागलेले, आणि सगळ्या गुंडाळ्या सारख्या. काकांना सांगायची छाती झाली नाही. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि चिठ्ठी उघडणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत राहिले. एकीने आपली वाचून शेजारणीला दाखवली, म्हणाली, बघ गं, संयम ठेवा म्हणे, याला काय माहीत माझी सून. दोघी हसल्या. एका काकांनी न वाचताच खिशात टाकली. मला वाटलं, यांच्याकडेच असणार. कोणी ओरडलं नाही, कोणी दचकलं नाही. माणसं गेली. परातीत दोन चिठ्ठ्या उरल्या, मी उघडल्या, त्या वहीतल्याच निघाल्या. माझी कोणीतरी घरी नेली होती. प्रसाद म्हणून कोणाच्या तरी ओंजळीत मी मरण घातलं होतं. रिकामी परात घासताना मी देवाकडे बघितलं नाही. उद्या काका मला कामावरून काढतील, काढू देत, नाहीतरी रविवारी सगळं संपणारच आहे, असं म्हणून घरी आले.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. बाहेर एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. आमचा चढ चढून धापा टाकत होत्या. गुरुवारी देवळात दिसायच्या, नाव माहीत नव्हतं. पुजारीकाकांना विचारून माझं घर शोधत आल्या होत्या. त्यांनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली, माझ्यासमोर धरली आणि हळूच म्हणाल्या, "ह्या तू लिवलंस?"

मी पाया पडायला वाकले, माफी मागायला लागले. त्यांनी माझा दंड धरला आणि स्वतःच्या नवऱ्याचं सांगितलं. म्हणाल्या, "माफी कसली मागतंस गो. माझो घोव सहा वर्सां असोच पडान होतो. सहा वर्सां मी ह्याच मनात लिवत होतंय. कागदार लिवची हिंमत माका झाली नाय." मग आत येऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आधी चाय ठेव. मग काय ता रडूया."

या काकूंचं माहेर मालवणकडचं. सासरे गिरणीत होते, त्या स्वतः पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. चहा झाला, रडणं झालं. मग त्या ह्यांच्या उशाशी गेल्या आणि आपल्याच घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या, काय हो, भिंतीर काय सिनेमा चाललोहा? हे वळले. दोन महिन्यांत माझ्या हाकेला न वळलेला माणूस त्या बाईकडे वळून बघत होता. काकूंनी दवाखान्याचे कागद मागितले. मी फोटोमागची पिशवी काढून दिली. त्या चष्मा लावून एक एक कागद वाचत होत्या. दुसऱ्या कागदावर त्या थांबल्या. दर शनिवारी पेशंटला गिळण्याच्या आणि बोलण्याच्या व्यायामासाठी घेऊन यावं, असं त्यावर लिहिलं होतं. खोली नंबरही होता. दर शनिवारी. असे आठ शनिवार मी तो कागद देवाच्या फोटोमागे ठेवून त्याच फोटोला विचारत होते की तू माझ्यासाठी काहीच का करत नाहीस.

दुसऱ्या दिवशीच शनिवार होता. काकूंनी रिक्षा ठरवली, वस्तीतल्या दोघांनी ह्यांना उचलून खाली आणलं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी तपासलं, उशीर झालाय म्हणाल्या, पण ओरडल्या नाहीत. पुढे दोन आठवडे व्यायाम झाले, पुन्हा तपासणी झाली, आणि मग एक दिवस त्यांनी तोंडाने भरवायला परवानगी दिली. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, घट्ट पेज, अर्धाच चमचा. तो घरी कसा भरवायचा हे काकूंनी माझ्याजवळ बसून करून घेतलं. मी पहिला चमचा दिला आणि लगेच दुसरा भरून तयार ठेवला. काकूंनी माझा हात खाली केला. म्हणाल्या, "चमचो खाली ठेव. तुज्या हातात भरवचा आसा, गिळचा नाय. ता त्येंचा काम आनी देवाचा. तू खाली बघ, कंठ वर-खाली होतलो. तवसर थांब."

मी चमचा ताटलीत ठेवला आणि त्यांच्या गळ्याकडे बघत बसले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाठीवरून घाम गेला. मग कंठ वर गेला आणि खाली आला. ठसका लागला नाही. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ताटलीतला चमचा पुन्हा उचलला.

त्या पहिल्या रविवारी दीर गाडी घेऊन आले होते, ते राहून गेलं सांगायचं. मी त्यांना जेवू घातलं आणि रिकाम्या गाडीने परत पाठवलं. जाताना ते भावाच्या पायावर डोकं ठेवून गेले.

हे पूर्ण बरे झालेत असं मी म्हणणार नाही. नळी निघाली. उजवा हात तसाच आहे. पाच-सहा शब्द येतात, त्यातला चहा हा सगळ्यात स्पष्ट. काही दिवस फार वाईट जातात, तेव्हा तो जुना विचार चढावर मला पुन्हा भेटतो. पण आता मी काकूंना फोन करून तो सांगून टाकते. त्या म्हणतात, हां, माका पण येय. एवढ्यानेच तो लहान होतो.

बावन्न चिठ्ठ्यांतली तीच त्यांच्या हाताला कशी लागली, हे मी खूपदा मनात घोळवलं. चूक माझी होती, एवढं मला माहीत आहे. त्या चुकीला घर कोणी दाखवलं, ते मला माहीत नाही, आणि आता विचारतही नाही. मी एकदा काकूंकडे ती चिठ्ठी परत मागितली होती, जाळून टाकते म्हणून. त्या म्हणाल्या, "प्रसाद कोण परत मागता काय?" ती त्यांच्या देवघरात आहे.

बुधवारी मी अजून चिठ्ठ्या लिहिते. ह्यांना उशीला टेकवून बसवते, आणि ते डाव्या हाताने गुंडाळ्या करतात. त्या सैल होतात, काही उलगडतात, काका काही म्हणत नाहीत. परवा समर्पण हा शब्द पुन्हा आला. लिहिताना माझा हात थांबला. अर्थ विचारायला आता काकांकडे जावं लागत नाही. भरलेला चमचा खाली ठेवायचा, आणि कंठ हलेपर्यंत बघत बसायचं.