आमच्या बोडीची भरती-ओहोटी

ग्रामसभेत आमच्या बोडीचा आराखडा वाचला जात होता आणि पहिल्याच पानावर समुद्र आला.

"भरती-ओहोटीच्या प्रवाहाचे पुनरुज्जीवन," साहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं. मग "खारफुटीची लागवड" वाचलं, "खाडीमुखावरील पुरातत्त्वीय अवशेषांचे संरक्षण" वाचलं आणि शांतपणे पान उलटलं. आमचं गाव पोंभुर्णा तालुक्यातलं. एका बाजूला जंगल, एका बाजूला वैनगंगा, मध्ये धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. समुद्र गावातल्या बहुतेकांनी टीव्हीतच पाहिलेला.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे भाऊ उठले. "सायेब, समुद्र कोन्या साली येऊन राह्यला इथी? नाई म्हणजे, धान लावाचं का मीठ पिकवाचं, ते ठरवा लागन ना आमाले."

सभा हसली. साहेब हसले नाहीत. "तो तांत्रिक शब्द आहे," ते म्हणाले. सरपंचांनी म्हाताऱ्यांना दटावलं, "मधात बोलू नका भाऊ, साहेब नागपूरहून आले हायेत." नागपूरहून येणं हे आमच्याकडे खरेपणाचं सर्टिफिकेट आहे.

मी मागे बायकांमध्ये बसले होते. माझ्या ध्यानात आलं ते कुणाच्याही आलं असतं. कोकणातल्या कुठल्यातरी खाडीचा आराखडा होता, त्यावर आमच्या गावाचं नाव चिकटवलं होतं आणि आतलं पोट तसंच राहिलं होतं. चोराचा मला इतका राग येत नाही. चोर निदान घर पाहून मग शिरतो.

माझं वाचन पत्रकांवर झालं. बाबा शाळेत शिपाई होते आणि सुट्टीच्या दिवशी सायकलला पिशवी अडकवून गावोगाव चळवळीची पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, आई त्यांत चिवडा बांधून द्यायची, कपाटाच्या फळ्यांवर तीच अंथरलेली असायची. पत्रकात वाईट छपाई असते, उद्गारचिन्हं जास्त असतात, पण एक गोष्ट असते: ते कुणाशी बोलतंय हे त्याला माहीत असतं. साहेबांच्या हातातली ती जाड, चकचकीत वही कुणाशीच बोलत नव्हती.

आता बोडीबद्दल. आमच्या गावाचा नाला जिथे नदीला मिळतो तिथे एक मोठा खोलगट भाग आहे, त्याला आम्ही बोडी म्हणतो. खरं तर साहेब थोडे हुशार असते तर त्यांची लाज वाचली असती, कारण आमच्याकडे भरती-ओहोटी होतीच. भर पावसाळ्यात नदी फुगली की तिचं पाणी नाल्याच्या तोंडातून उलटं आत चढायचं, बोडी भरायची, आणि पूर ओसरला की गाळ आणि मासे मागे ठेवून हळूहळू परत जायचं. आई सांगते, तेव्हा बोडीत कमळकाकडी निघायची आणि मासे साडीच्या पदरात धरता यायचे. मग कुणीतरी नाल्याच्या तोंडावर बांध घालून त्यावरून रस्ता काढला. नदीचं पाणी बाहेर अडलं, गावचं सांडपाणी आत अडलं आणि बोडी बेशरमाच्या झुडपांनी भरून गेली. त्या झुडपांचं नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण रस्ता काढणाऱ्यांना पाहूनच ठेवलं असणार.

म्हणजे बांध फोडून पाणी पुन्हा आत घ्यायचं, गाळ उपसायचा, ही गोष्ट आम्हा सगळ्यांनाच हवी होती. मलाही. भांडण त्यावर नव्हतंच. भांडण होतं गाळाचे टिप्पर कुठून जाणार यावर.

बोडीच्या उगवतीला एक टेकाड आहे. त्यावर दगड उभे आहेत, पुरुषभर उंचीचे, काही कललेले, काही आडवे झालेले. गावातले गोंड लोक आपल्या मेलेल्या माणसांच्या नावाने दगड उभा करतात. त्यातले बरेच इतके जुने की कुणाचे ते कुणालाच सांगता येत नाही. काही मात्र कालपरवाचे. त्यात एक माझ्या मावशीच्या नवऱ्याचा.

मावशी म्हणजे नात्याची नाही. ती गोंड, आम्ही बौद्ध. तिची बांधी आमच्या बांधीला लागून, एवढंच नातं, आणि ते पुरेसं आहे. तिच्या नवऱ्याला सगळं गाव मामा म्हणायचं. ते गेले तेव्हा त्यांच्या सोयऱ्यांनी नदीच्या पात्रातून दगड आणला. खांद्यावर घेतलेला दगड मध्येच जड वाटला तर त्यांच्यात म्हणतात, माणूस यायला तयार नाही. मग दगड खाली ठेवतात, त्याची समजूत घालतात आणि पुन्हा उचलतात. मामा जिवंतपणी जसे हट्टी तसे मेल्यावरही. टेकाडापर्यंत यायला त्यांनी अख्खी सकाळ घेतली. शेवटी मावशीनेच खडसावलं, "चाल ना आता, भात थंडा होऊन राह्यला." आणि ते गेले. एकदा दगड रोवला की हलवत नाहीत. हलवला तर माणूस पुन्हा घरादाराशिवाय होतो.

आराखड्यात टिप्परचा रस्ता याच टेकाडावरून काढलेला होता.

त्यावर उपाय म्हणून वारशाचे एक तज्ज्ञ आले. डोक्यावर हॅट, गळ्यात कॅमेरा, सोबत पाण्याच्या बाटल्यांचा खोका. त्यांनी टेकाडावर फिरून जुन्या दगडांवर चुन्याचे ठिपके दिले. ठिपका म्हणजे प्राचीन, प्राचीन म्हणजे कुंपणाच्या आत. बिनठिपक्याचे दगड "अलीकडील व स्थलांतरयोग्य". टिप्पर त्यांच्या जागेवरून जाणार.

मामांच्या दगडाला ठिपका मिळाला नाही. मावशी तज्ज्ञांच्या समोर जाऊन उभी राहिली. मी शेजारी होते.

"बाई, हा कालचा दगड आहे," ते म्हणाले.

"कालचाच हाय. म्हणून तर याचं तोंड मले आठवते. त्या बाकीच्याइचं तुमाले आठवते का?"

"आम्ही तो व्यवस्थित दुसरीकडे नेऊन ठेवू. क्रेनने. धक्कासुद्धा लागणार नाही."

"काऊन? माह्या नवऱ्याची बदली झाली का सायेब?"

सोबतचा इंजिनियर दुसरीकडे तोंड फिरवून हसला. तज्ज्ञांनी मला समजावलं, कारण मी शिकलेली दिसत होते. म्हणाले, वारसा आणि भावना यांत फरक करावा लागतो. मी विचारलं, "किती वर्षं झाली की भावनेचा वारसा होतो?" त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं. मेलेल्याला आठवणारं माणूस जिवंत असेपर्यंत तो दगड अडथळा, आणि ते माणूसही मेलं की तोच दगड अमूल्य. इतकी नीच गोष्ट इतक्या सभ्य आवाजात मी त्याआधी ऐकली नव्हती.

मी पत्रक काढायचं ठरवलं. त्यासाठी तालुक्याला आमच्या संघटनेच्या भाऊंकडे गेले. पत्रकावर खाली त्यांचं नाव असलं तर वजन येतं. भाऊंनी वाचलं आणि कागद टेबलावर टाकला.

"दगडासाठी पत्रक? ताई, आपण दगडातून बाहेर पडलेली माणसं. आपल्या बापजाद्यांनी छप्पन साली कशाले दीक्षा घेतली?"

"भाऊ, मी दगडाला हात जोडा असं कुठे लिहिलंय?"

"वाचणारा तसंच समजन. अन् पुढच्या महिन्यात ते सायेब आपल्या कार्यक्रमाले पाहुणे हायेत."

दुसरं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं, पण खरं कारण तेच होतं. साहेबांच्या चोरीपेक्षा मला भाऊंच्या तत्त्वाची जास्त शिसारी आली. तत्त्व हे पाहुण्याच्या खुर्चीवर टाकायचं कापड झालं होतं.

घरी आले तेव्हा बाबांनी ते पत्रक चष्मा लावून वाचलं. पहिल्यांदा त्यांनी तीन उद्गारचिन्हं खोडली. मग म्हणाले, "तू त्या दगडाच्या पाया पडू नको. तुले कोणी सांगितलंही नाई. पण कोनाच्या मेलेल्या मानसाले कोणी उठवत असन तर बोलाच लागते. आपल्याले गावात मयत जाळाले जागा नव्हती, ते विसरली का?"

पत्रक निघालं, भाऊंच्या नावाशिवाय. मथळा होता: "समुद्र परत न्या, बोडी परत द्या." लोकांनी वाचलं, हसले, आठवडी बाजारात त्यात भजी गेली. सरपंच मला म्हणाले, विकासाला आडवी येऊ नको. वरून काहीच उत्तर आलं नाही. माझ्या पत्रकाने काही झालं असं मी सांगणार नाही, कारण झालं नाही.

जे झालं ते असं. अंतिम पाहणीची तारीख पुढे पुढे ढकलली जात पेरणीच्या तोंडावर आली. मावशीने मला विचारलं, "कवा येऊन राह्यले ते?" मी सांगितलं. पेरणीच्या आधी गोंड बाया टेकाडावर जातात, दगड धुतात, त्यांना तेल आणि हळद लावतात. एकही दगड सोडत नाहीत. ज्याचं घराणं संपलं त्यालाही कुणीतरी हळद लावतंच, कारण कुणाचा कोण ते माहीत नसलं की सगळेच आपले धरावे लागतात. मावशी म्हणाली, "मंग आम्ही आदल्या दिवशीच करून घेतो. पाहुने येऊन राह्यले तं घर सारवून ठेवा लागते ना पोरी."

मी गेले नाही. बाहेरून पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. साहेब उतरले, तज्ज्ञ उतरले, इंजिनियर उतरला, सरपंच धावत आले. टेकाड पिवळंधमक झालं होतं. वरपासून खालपर्यंत सगळे दगड हळदीने माखलेले आणि तेलाने चमकत. चुन्याचा एक ठिपका शिल्लक नव्हता.

तज्ज्ञ अक्षरशः ओरडले. "हा गुन्हा आहे! पुरावा नष्ट केलाय!"

"पुरावा कायचा सायेब?" मावशीने विचारलं. "कोनी मेलं का?"

तज्ज्ञांनी कॅमेऱ्यातले जुने फोटो उघडले. फोटो सुंदर होते. प्रत्येक दगड पुस्तकात छापावा तसा जवळून टिपलेला, शेजारी मोजपट्टी धरलेली. आजूबाजूचं झाड, बांध, दुसरा दगड, काहीच आलं नव्हतं. दगड कसा दिसतो ते फोटोत होतं. तो कुठे उभा आहे ते नव्हतं. आणि आता सगळे सारखेच पिवळे दिसत होते.

पण तज्ज्ञ माणूस "माहीत नाही" म्हणत नाही. ते एकेका दगडापाशी जाऊन बोट ठेवायला लागले. हा जुना, हा नवा. मामांच्या दगडापाशी ते थांबले. नदीतला दगड, पाण्याने झिजून गोल झालेला. त्यांनी त्यावरून हात फिरवला, हळदीने बोटं पिवळी झाली. म्हणाले, "ही झीज पाहा. हा नक्की प्राचीन. बहुधा सगळ्यात जुना हाच."

मावशीने पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाप्पा! माहा बुढा दोन पावसाळ्यात इतका बुढा झाला!"

इंजिनियर कंटाळला होता. ऊन चढत होतं. त्याने नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला, पेन्सिलीने सगळ्या टेकाडाभोवती एक गोल काढला आणि म्हणाला, "सर, सगळंच कुंपणात घेऊ. टिप्पर मावळतीकडून काढू, तिकडे नुसतं बेशरम आहे." साहेब म्हणाले, "चालेल."

चालेल! इतके महिने एक बाई, आपल्या नवऱ्याला हे लोक उठवतील या भीतीने जेवत नव्हती, आणि उपाय होता पेन्सिलीचा एक गोल आणि हा एक शब्द. तो पहिल्या दिवशीही उच्चारता आला असता. मला आनंद झाला नाही. मी त्या साहेबांकडे बघत होते आणि मला त्यांच्या स्वच्छ बुटांचीसुद्धा घृणा वाटत होती.

बांध फुटला, गाळ निघाला. पावसाळ्यात नदीचं पाणी उलटं चढून बोडीत आलं. पाहायला गाव जमलं तेव्हा ग्रामसभेतले तेच म्हातारे भाऊ म्हणाले, "घ्या, आली भरती." बेशरम अजून पुरतं गेलं नाही. खारफुटी अर्थातच उगवली नाही.

टेकाडाला तारेचं कुंपण झालं. फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली तालुक्याच्या कुठल्यातरी कार्यालयात. पाटी लावली आहे: प्राचीन स्मारके, हात लावल्यास कारवाई होईल. ज्यांनी दगड वाचवले त्यांच्यापासून आता ते सुरक्षित आहेत.

या वर्षी पेरणीच्या आधी मावशी तेलाची वाटी आणि हळद घेऊन आली. फाटकापाशी उभं राहून तिने पाटी माझ्याकडून वाचून घेतली. "म्हंजे माह्याच नवऱ्याले हात लावाची बंदी?" ती म्हणाली. "जिता होता तवा तो असाच करे." मग ती कुंपणाच्या कडेकडेने चालत गेली, जिथे जमीन खचून तारेखाली फट पडली आहे तिथपर्यंत. बसली, वाटी आधी आत सरकवली.

मी अजूनही त्या दगडांना हात जोडत नाही. जोडणारही नाही. खालची काटेरी तार मी दोन्ही हातांनी वर उचलून धरली आणि मावशी सरपटत आत जाईपर्यंत सोडली नाही.

"पदर पाहाय, अडकन," मी म्हटलं.

"धरून राह्य," आतून ती म्हणाली. "मांगून आनखी बाया येऊन राह्यल्या."