यमूचा फोटो

मुरबाडच्या बाजारपेठेत वाल्मिकचा फोटो स्टुडिओ होता आणि राग कायम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर. पण एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात तो भडकला तसा आधी कधी भडकला नव्हता.

टोकावड्याकडच्या वाडीवरचा पोश्या आला होता. त्याची बायको यमू होळीनंतर तापानं गेली. त्याआधी म्हशाच्या जत्रेत वाल्मिकनं तंबूत दोघांचा फोटो काढला होता. यमूचा तेवढाच एक. पोश्यानं तो फडक्यातून काढला. पांढरं लुगडं होतं, दात होते आणि तिच्या, त्याच्याही, तोंडाच्या जागी डांबर फासल्यासारखा डाग. फिल्ममध्ये तर ती असेल, पुन्हा काढून द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

वाल्मिकनं फिल्म शोधून उजेडात धरली. चेहऱ्याच्या जागी ती कोरी होती, तिथं काही उमटलंच नव्हतं.

असं का झालं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सावळ्या चेहऱ्यांना नरम डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं सौम्य रसायन, लागतो: मेटॉल, सल्फाइट, थंड पाणी आणि वीस मिनिटं दम. पण जत्रेतलं गिऱ्हाईक बैलगाडी जुंपायच्या आत फोटो मागतं. म्हणून तंबूतल्या अपुऱ्या उजेडात त्यानं भराभर फोटो काढले आणि हायड्रोक्विनोन नि धुण्याचा सोडा घातलेला कडक डेव्हलपर शेगडीवर कोमट करून वापरला. मोठ्या जाळावरचा भात खाली करपतो, वर कच्चा राहतो. लुगडं करपलं, यमू कच्ची राहिली. शिवाय, काळी माणसं फोटोत काळीच यायची, असं त्या दिवशी हसून बोलणाराही हाच. जिभेला हाड असतं तर ना!

पोश्याच त्याची समजूत घालायला लागला. "ती काळीच व्हती, शेट. तुमी काय करनार?"

वाल्मिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडक डेव्हलपरची बाटली त्यानं मोरीत रिकामी केली.

"तिचा दोष नाय रे. माझा हाय," तो ओरडला आणि पोश्याला दंडाला धरून दारातल्या उजेडात बसवलं.

फोटो घेतला. नरम डेव्हलपर केला. स्वतःला शिव्या घालत वीस मिनिटं घड्याळाकडे बघत राहिला. संध्याकाळी फोटो पोश्याच्या हातात आला. कपाळावरच्या आठ्या, गालावरचा जुना व्रण, पापण्यांचे केससुद्धा उतरले होते. आपलंच तोंड पोश्या बराच वेळ निरखत राहिला.

"म्हंजे तिचं पन आसं आलं असतं?" त्यानं विचारलं.

"आलं असतं," वाल्मिक म्हणाला.