सात नंबरची नळी

दवाखान्यात वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. हसायचे किस्से मी चारचौघांत रंगवून सांगतो. हे मात्र पहिल्यांदाच सांगून राह्यलो, अन् सांगताना लाज वाटून राह्यली.

*

मारेगावकडच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. कापसाचे ते वाईट दिवस. फवारणीची विषबाधा झालेले पेशंट रोज यायचे. तेव्हा नागपूरहून एक मॅडम अभ्यासाला आल्या. विषय काय, तर भयानक फोटो पाहून थंड, निर्दय स्वभावाच्या माणसाच्या अंगात ताणाचं हार्मोन वाढतं की नाही!

नमुने आम्हा स्टाफचेच. फोटोआधी एकदा अन् फोटोनंतर एकदा नळीत थुंकायचं.

पहिल्याच दिवशी अर्ध्या नळ्या लाल. मॅडम घाबरल्या, "अहो, रक्त?"

"नाही मॅडम, खर्रा! तंबाखू-सुपारीचा!"

*

मग स्वभावाची प्रश्नावली. 'दुसऱ्याला रडताना पाहून मला काही वाटत नाही. हो की नाही?'

कुमुद सिस्टरनं बराच वेळ विचार केला. "मॅडम, ड्युटीवर का घरी?"

मॅडमनी पेन खाली ठेवला.

*

रफिकभाई आमचे ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर. फोटो पाहताना चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मॅडमनी विचारलं, "काहीच वाटलं नाही?"

"फोटो त बरे आहेत मॅडम. एक डाव माह्या गाडीत मागं बसून पाहा."

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच.

*

नागपूरच्या मशीनवरून रिपोर्ट आले. त्यावर नावं नव्हती, नुसते नंबर; कोणाचा कोणता, ते फक्त मॅडमना माहीत. सात नंबरचं हार्मोन जागचं हललं नव्हतं, अन् प्रश्नावलीत थंडपणाचे मार्कही त्याचेच सगळ्यात जास्त.

मी कॅन्टीनमध्ये जाहीर करून टाकलं, "सात नंबर म्हणजे रफिकभाई! पक्का सायकोपॅथ!"

मॅडम चिडल्या. "दोन नळ्यांवरून माणूस ठरत नाही हो!"

कोण ऐकते? हप्त्याभरात रफिकभाईंचं नाव पडलं, 'थंडा'. लोक त्यांच्याजवळ डबा उघडेनात. गावातही गोष्ट गेली.

*

मॅडम जाताना नंबरांची अन् नावांची यादी पाकिटात बंद करून माझ्या कपाटात ठेवून गेल्या. "कोणी उघडायचं नाही," म्हणाल्या. मी त्याच दुपारी उघडलं.

सातसमोर माझं नाव होतं!

पाकीट परत चिकटवलं अन् चहा प्यायला गेलो. टेबलावर रफिकभाईंची टिंगल चालली होती. तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. उलट मीही एक जोक मारला.

*

महिन्याभरानं रफिकभाई लॅबमध्ये आले अन् दार लोटून घेतलं. मुकुटबनला त्यांची आई वारली होती.

"भाऊ, अम्मीले माती देऊन आलो. सारे रडून राह्यलते. माह्या डोयात पानीच नाही आलं. बायको म्हनते, दवाखान्यातले लोक खरंच सांगत होते." त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "झोप नाही, जेवन नाही. तुमी शिकलेले आहा. सच सांगा, मी तसाच आहो का? थे मशीन चुकली बी असन ना?"

मी त्यांना पाणी दिलं. खांद्यावर हात ठेवला.

"मशीन चुकत नाही, रफिकभाई."